थिसिस, रोजचं टारगेट आणि न येणारा मूड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी पीएचडी झाल्यापासून कॉलेजातले ज्युनियर, त्यांचे मित्र, एवढंच काय माझ्या नणंदेची मैत्रीणसुद्धा, सगळे फिरवून फिरवून एकच विचारतात की रोज लिहायला बसायची इच्छा आणायची कुठून. दर वेळी फोनवर तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय. माझं सांगायचं तर नगर जिल्ह्यातले आठवडे बाजार आणि तिथे भाजी विकायला बसणाऱ्या बायकांचा हिशोब हा विषय, सीएचबीवर (तासाच्या हिशोबाने पैसे मिळतात ती नोकरी) शिकवत शिकवत केलं, रजिस्ट्रेशन ते सबमिशन साडेपाच वर्षं, आणि त्यातलं खरं लिखाण शेवटच्या चौदा महिन्यांतलं. आधीची चार वर्षं काय केलं ते खाली येईलच.

आधी मोटिव्हेशन येऊ दे, मग बसतो. चालेल ना?

नाही चालणार. मी दीड वर्ष अशीच थांबले होते. मुलाखती झालेल्या, फाइली कपाटात रचलेल्या, आणि मी रोज म्हणायचे आज जरा फ्रेश वाटलं की बसते. फ्रेश वाटलं की पिक्चर बघावासा वाटायचा, थिसिस नाही. आमच्या गावी हापसा होता, त्याला आधी सात-आठ दांडे कोरडेच मारावे लागायचे, नुसता खडखडाट, आणि मग पाणी यायचं. लिहिण्याचं अगदी तसंच आहे, पहिली चार वाक्यं भंगार येतात, ती नंतर खोडायचीच असतात पण ती लिहिल्याशिवाय पाचवं येत नाही. मला स्वतःला बसल्यावर साधारण पंधरा-वीस मिनिटांनी लिहावंसं वाटायला लागायचं. बसायच्या आधी? चौदा महिन्यांत फार तर पाच-सहा वेळा.

मग रोज किती शब्द?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि बहुतेकांची गाडी इथेच घसरते. आपण टारगेट ठरवतो रविवारी संध्याकाळी, चहा पिऊन, पोट भरलेलं असताना, त्यामुळे ते आपल्या सगळ्यात चांगल्या दिवसाच्या मापाचं होतं. मी हजार शब्द ठरवले होते. तीन दिवस झाले हजार-हजार, चौथ्या दिवशी मुलाला ताप, पाचव्या दिवशी त्याची बाकी धरून दोन हजार, सहाव्या दिवशी तीन हजार, आणि मग अकरा दिवस लॅपटॉपच उघडला नाही. आरंभशूर म्हणतात ते हेच.

टारगेट वाईट दिवसाच्या मापाने शिवायचं. म्हणजे ज्या दिवशी चार लेक्चर झाली, लाइट गेली, पाहुणे आले आणि डोकं दुखतंय, त्या दिवशी रात्री दहा वाजता सुद्धा जेवढं होऊ शकेल तेवढं. माझ्यासाठी ते दीडशे शब्द निघालं, साधारण अर्धं पान. ऐकायला हास्यास्पद वाटतं, मलाही वाटलं होतं. पण वर्षात तीनशे दिवस झाले तरी पंचेचाळीस हजार शब्द होतात, आणि आमच्या सोशल सायन्समध्ये तेवढ्यात थिसिसचा मोठा भाग उभा राहतो. शिवाय एकदा बसलं की दीडशेवर थांबणं कठीण जातं, कित्येक दिवस चारशे झाले. पण टारगेट मी वाढवलं नाही. चारशे झाले तर ते बोनस, दुसऱ्या दिवशी परत दीडशेच.

मी मराठीतून लिहितोय, हे शब्दांचे आकडे मला लागू पडतात का?

जसेच्या तसे नाही. इंग्रजीत जिथे चार-पाच शब्द लागतात तिथे आपण प्रत्यय जोडून एकच लिहितो. "बाजारसमितीसमोरच्यांनासुद्धा" हा कॉम्प्युटरच्या हिशोबात एक शब्द आहे, आणि टाइप करायला मात्र अर्धं मिनिट. त्यामुळे इंग्रजीत लिहिणाऱ्या मैत्रिणीचा आकडा बघून स्वतःला कमी समजू नका. मराठीत लिहिणाऱ्यांनी शब्दांऐवजी परिच्छेद मोजावेत असं माझं मत आहे. दिवसाला एक धड परिच्छेद, ज्यात एक मुद्दा सुरू होऊन संपतो.

अजून एक, जरा विषयाबाहेरचं पण महत्त्वाचं. कागदावर लिहून डीटीपीवाल्याकडे द्यायचं आणि तो जुन्या फॉन्टमध्ये टाइप करणार असं असेल तर आत्ताच थांबा. प्रत्येक दुरुस्तीला त्याच्या दुकानात चक्कर, तो लग्नपत्रिकांच्या सीझनमध्ये बिझी, आणि ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की सगळी अक्षरं किडामुंगी. युनिकोडमध्ये स्वतः टाइप करा. वेग नसेल तर मोबाइलवर बोलून टाइप करा, मराठी बऱ्यापैकी ओळखतो तो, जोडाक्षरं आणि विरामचिन्हं नंतर नीट करायची. माझ्या एका सहकाऱ्याने आख्खा दुसरा चॅप्टर गच्चीवर फेऱ्या मारत मारत बोलून काढला, शेजाऱ्यांना वाटायचं कोणाशी तरी भांडतोय.

शब्दांऐवजी तास मोजले तर? रोज तीन तास बसायचं असं?

तास मोजायला सोपे आणि फसवायला त्याहून सोपे. मी लायब्ररीत नऊ ते एक बसायचे, डबा खाऊन परत दोन ते चार, घरी येऊन सांगायचे सहा तास काम केलं. काय केलं? आलेखाचे रंग बदलले, अनुक्रमणिकेचे टॅब नीट केले, आणि एका संदर्भाचा पान नंबर शोधत शोधत भलत्याच थिसिसमधल्या आभाराच्या पानावर पोचून ते वाचत बसले. हे काम नव्हे असं नाही, पण थिसिस इंचभरही पुढे सरकत नाही.

टायमर लावून बसणं मात्र उपयोगी पडतं, विशेषतः सुरुवात करायला. ते पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं ब्रेकवालं पोमोदोरो फेमस आहे ना, ते फ्रान्चेस्को सिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या शेवटी सुरू केलं, त्याच्याकडे टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर होता आणि इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात. तो पण अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून वैतागलेलाच होता. मी कुकरच्या शिट्ट्यांवर पण केलंय हे, वरण-भात होईपर्यंत एक परिच्छेद. वेळ हे बसण्यासाठी, मोजायचं मात्र काय लिहून झालं ते.

टारगेट लिहायचं कसं? "चॅप्टर तीनवर काम" एवढं पुरे का?

अजिबात नाही. "चॅप्टर तीनवर काम" हे टारगेट रात्री झालं की नाही झालं सांगताच येत नाही, म्हणून मग रोजच वाटतं की झालं नाही, आणि मन खचतं. टारगेट असं लिहा की घरातल्या दुसऱ्या माणसाला स्क्रीन दाखवली तर तो हो किंवा नाही सांगू शकेल. "टेबल ४.३ खाली दोन परिच्छेद: पावसाळ्यात बाजाराची जागा का बदलते." हे माझं खरं टारगेट होतं, माझ्या सासूबाईंनीही स्क्रीन बघून सांगितलं असतं की दोन परिच्छेद आहेत का नाहीत.

आणि हे आदल्या रात्री लिहायचं. सकाळी उठून काय लिहू हा विचार सुरू केला की त्यातच पाऊण तास जातो. मी तर पुढच्या दिवशीचं पहिलं वाक्य अर्धवट टाइप करून ठेवायचे, "या बायका बाजारात जागा धरतात ती" एवढंच, आणि लॅपटॉप बंद. सकाळी ते वाक्य पूर्ण केल्याशिवाय राहवत नाही.

वाचनच संपलेलं नाही, लिहू काय?

वाचन संपत नसतं हो. मी तर म्हणेन वाचन ही रिसर्च करणाऱ्यांची सगळ्यात सभ्य चालढकल आहे, कारण त्यात कोणी आळशी म्हणू शकत नाही. शोधगंगेवर, म्हणजे थिसिसच्या ऑनलाइन संग्रहावर, एक थिसिस उघडायचा, त्याच्या संदर्भसूचीतून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, आणि रात्री डाउनलोड फोल्डरमध्ये चाळीस पीडीएफ. मी एक नियम केला, ज्या दिवशी जे वाचलं त्याच्याखाली त्याच दिवशी पाच ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायच्या: हा माणूस काय म्हणतो, मला पटतं का, माझ्या बाजारात असं दिसतं का. त्या पाच-पाच ओळी जोडून माझा संशोधन आढाव्याचा चॅप्टर झाला, वेगळा लिहावाच लागला नाही. आणि संदर्भ त्याच दिवशी झोटेरोत टाका, संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर आहे ते, फुकट आहे. "नंतर शोधू" म्हणून ठेवलेला एक पान नंबर शोधायला मला नंतर अर्धा दिवस लागला.

माझा प्रत्येक चॅप्टर ठरवल्यापेक्षा उशिरा होतो. माझ्यातच काही खोट आहे का?

नाही, आणि याचा मस्त पुरावा आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवलं की माणूस कामाला लागणारा वेळ कायम कमी धरतो. मग १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी कॅनडात चक्क थिसिस लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनाच विचारलं की तुमचा थिसिस किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वेगळीच वाटते. त्यांना असंही विचारलं होतं की सगळं काही बिनसलं, जेवढं वाईट होऊ शकतं तेवढं झालं, तर किती दिवस? तेव्हा ते म्हणाले ४८.६. म्हणजे सगळं बिनसल्याचा अंदाजही खऱ्यापेक्षा आठवडाभर कमी पडला!

हे वाचल्यावर मी माझी जुनी डायरी काढली आणि बघितलं की मी "दोन आठवडे" म्हटलेला चॅप्टर पाच आठवडे खातो. तेव्हापासून मनात येईल त्या आकड्याला सरळ अडीचने गुणायचे आणि गाइडना तीच तारीख द्यायचे. आधी तारीख चुकवून तोंड लपवत फिरायचे, नंतर दोनदा तर वेळेआधी चॅप्टर नेऊन दिला, मॅडमना शंका आली की बरी आहेस ना. तुमचा आकडा वेगळा असेल, पण तो मनात नसतो, मागच्या तारखांत असतो.

सकाळी लिहावं का रात्री?

जेव्हा घरात तुम्हाला कोणी हाक मारत नाही तेव्हा. पहाटे चारला उठणाऱ्यांचे व्हिडिओ बघून उठू नका, मी तीन दिवस उठले आणि चौथ्या दिवशी वर्गात शिकवताना जांभया दिल्या. घड्याळापेक्षा एखाद्या रोजच्या कामाला लिखाण चिकटवून टाकणं जास्त चालतं. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं यावर बरंच काम आहे, "अमुक झालं की मी तमुक करणार" असं आधी ठरवलं की काम होण्याची शक्यता वाढते. माझं होतं, मुलाचा डबा भरून तो स्कूलबसमध्ये चढला की आंघोळ नाही, पेपर नाही, थेट ओट्यावरच लॅपटॉप उघडायचा, उभ्याउभ्याच.

नोकरी, घर, परीक्षा, नॅक (कॉलेजचं मूल्यांकन)... वेळच नाही. त्यांचं काय ज्यांना फेलोशिप नाही?

हा प्रश्न आला की मला खरंच सल्ला द्यायची लाज वाटते, कारण थिसिस लिहिण्यावरचे बहुतेक सल्ले ज्यांना दिवसभर दुसरं काम नाही अशा लोकांसाठी असतात. सीएचबीवाल्याला जेवढी लेक्चर तेवढे पैसे, दोन-दोन कॉलेजं करावी लागतात, मधे एसटीचा प्रवास, एप्रिल-मेमध्ये कॅपला, म्हणजे पेपर तपासणी केंद्रावर, पेपर तपासायला बसा, नॅकची टीम यायची असली की महिनाभर फाइलीच फाइली. आणि बाई असेल तर घरी आल्यावर दुसरी शिफ्ट. पीएचडी चालू आहे म्हणून गौरींच्या पुरणपोळ्या कोणी माफ करत नाही.

माझ्या बाबतीत दोनच गोष्टींनी फरक पडला. पहिली, मी कामाचे तुकडे दोन प्रकारचे केले, डोकं लागणारे आणि डोकं न लागणारे. संदर्भ टाकणं, टेबलांना नंबर देणं, मुलाखतीतलं अवतरण शोधून काढणं, हे एसटीत, पालकसभेच्या रांगेत, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, मोबाइलवर सुद्धा होतं. डोकं लागणारं फक्त सकाळच्या चाळीस मिनिटांत. पूर्वी मी उलटं करायचे, सकाळच्या ताज्या डोक्याने टेबलांच्या चौकटी आखायचे आणि रात्री मेलेल्या डोक्याने विश्लेषण लिहायला बसायचे आणि मग स्वतःला ढ समजायचे.

दुसरी, वर्षाच्या सुरुवातीला भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन न लिहिण्याचे दिवस आधीच लाल पेनाने खोडले. दिवाळीचे पाच, गौरी-गणपतीचे, कॅपचे, भाच्याच्या लग्नाचे, मुलाच्या परीक्षेचे. ते सगळे मिळून साठ-पासष्ट निघाले. त्या दिवशी टारगेट शून्य, आणि शून्य म्हणजे शून्य, मनातसुद्धा थिसिस नाही. आधी काय व्हायचं की करंज्या तळताना थिसिसची बोचणी आणि थिसिस लिहिताना करंज्यांची, दोन्ही बिघडायचं.

नवऱ्याने, सासरच्यांनी काय करावं हा वेगळा विषय आहे, त्यावर मी लिहायला लागले तर या पानाचाच थिसिस होईल. एवढंच सांगते, "मला वेळ द्या" असं म्हटलं की कोणी देत नाही, "सात ते पावणेआठ मी दार लावून बसणार" असं म्हटलं की कुरकुर होते पण मिळतो.

दोन आठवडे (किंवा दोन महिने) एक ओळ लिहिली नाही. परत सुरू कसं करू?

पहिलं, बाकी माफ. किराण्याच्या उधारीसारखी रोजची थकबाकी वहीत वाढवत नेली की माणूस त्या दुकानाच्या रस्त्यानेच जात नाही, वळसा घालून जातो. थिसिसचं फोल्डर उघडायची भीती वाटते ती याच कारणाने. चौदा दिवस चुकले तर चौदा गुणिले दीडशे करायचंच नाही, आजचे दीडशे.

दुसरं, परतीच्या पहिल्या दिवशी नवीन लिहायचंच नाही. शेवटी लिहिलेली दोन पानं मोठ्याने वाचायची आणि त्यातल्या तीन चुका दुरुस्त करायच्या, बस. बहुतेक वेळा वाचता वाचताच पुढचं वाक्य सुचतं. नाही सुचलं तरी फाइल उघडली गेली.

गाइड महिनोनमहिने चॅप्टर बघतच नाहीत. मग कसला उत्साह राहणार?

खरंय, आणि यावर पूर्ण इलाज नाही. पण रोजच्या टारगेटात दुसऱ्याच्या हातातली गोष्ट कधी घालायची नाही. "सरांकडून चॅप्टर दोन ओके करून घेणे" हे टारगेट नव्हे, तो नवस आहे. एक चॅप्टर त्यांच्याकडे पडलेला असताना दुसऱ्यावर काम चालू ठेवायचं, आणि कुठलाच चॅप्टर अडकून राहू नये म्हणून दोन-दोन उघडे ठेवायचे.

मागायची पद्धत पण बदला. साठ पानं पाठवून "सर, बघून सांगा" म्हटलं तर ते सुट्टीत बघू म्हणतात आणि सुट्टी काही येत नाही. "सर, फक्त पान १२ ते १८ बघा, वर्गीकरण बरोबर आहे का एवढंच हवंय" असं म्हटलं की त्याच आठवड्यात उत्तर यायची शक्यता बरीच वाढते. शिवाय सल्लागार समितीसमोर दर सहा महिन्यांनी प्रेझेंटेशन असतं, त्याला लोक ब्याद समजतात, मी त्याच्या तारखेला माझ्या चॅप्टरची तारीख बांधून टाकली होती.

चॅप्टर लाल करून परत आलाय. सगळं सोडून द्यावंसं वाटतंय.

दोन दिवस सोडून द्या, खरंच. मी पण रडले होते, कॉलेजच्या पार्किंगमध्ये, हेल्मेट घालून, म्हणजे कोणाला दिसू नये.

मला तेव्हा एका सिनियरने बाबासाहेबांची आठवण करून दिली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला त्यांनी १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा डीएस्सीचा प्रबंध दिला आणि परीक्षकांनी तो परत लिहून आणायला सांगितला. मग ते मुंबईला परतले, तिथून दुरुस्त करून पाठवला आणि १९२३ मध्ये पदवी मिळाली. आणि त्यांचे गाइड एडविन कॅनन, त्यांनी त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली आणि त्यातच स्पष्ट म्हटलं की लेखकाचे बरेच मुद्दे मला पटत नाहीत! म्हणजे गाइडला सगळं पटलंच पाहिजे असंही नाही.

आता कामाचं. लाल शेऱ्यांना नंबर द्या. माझ्या चॅप्टरवर त्र्याहत्तर निघाले, ऐकून धडकी भरते, पण एकेक वाचले तर चाळीस तर शुद्धलेखन आणि संदर्भाचे होते, वीस "स्पष्ट करा" असले, आणि खरे डोकेदुखीचे फक्त दहा-बारा. रोज पाच शेरे असं टारगेट केलं, त्यातला एक अवघड आणि चार सोपे. पंधरा दिवसांत संपले.

एआयकडून दीडशे शब्द लिहून घेतले तर टारगेट पूर्ण झालं ना?

झालं की, वहीतलं. चॅप्टरमधलं नाही. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, समोरचा परीक्षक विचारतो की हा शब्द इथे का वापरलात, तेव्हा त्याच्या मागचा विचार तुमच्या डोक्यात असायला लागतो. भाषा तपासायला, मोठं वाक्य तोडायला मदत घ्या, विद्यापीठाचा नियम काय तो आधी बघून. आणि उतारेच्या उतारे उचलायचा मोह झालाच तर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम आठवा: दुसऱ्यांच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, चाळीसपर्यंत गेलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून परत द्या, साठपर्यंत गेलं तर सुधारलेला थिसिस द्यायला एक वर्ष बंदी, आणि साठच्या वर रजिस्ट्रेशनच रद्द.

रोज कोणाला तरी रिपोर्ट करावं का?

हो, पण नवऱ्याला किंवा बायकोला नको, त्याचं भांडणात रूपांतर होतं. आम्ही तिघांनी व्हॉट्सॲप ग्रुप केला होता, एक केमिस्ट्रीवाला, एक मराठीवाली आणि मी. नियम एकच, रात्री अकराच्या आत फक्त आकडा टाकायचा. कारण नाही, सॉरी नाही, इमोजी नाही. शून्य असेल तर शून्य. केमिस्ट्रीवाल्याचं शून्य सलग नऊ दिवस आलं तेव्हा त्याला फोन केला, तर वडील आयसीयूत होते. याआधी एका चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये पण होते मी, तिथे आठवड्याभरात गुड मॉर्निंगची फुलं आणि सेट-नेटच्या क्लासच्या जाहिराती सुरू झाल्या. तीन-चार माणसं पुष्कळ.

मुदत संपत आलीये, आता रोजचं टारगेट वाढवू का?

आधी मुदत नक्की किती आहे ते बघा, कारण निम्मी भीती ऐकीव माहितीची असते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, मग पुन्हा नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात. महिला आणि चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त अपंगत्व असलेल्यांना त्याच्यावर आणखी दोन वर्षांची सवलत देता येते. शिवाय महिलांना बाळंतपण किंवा मुलांच्या संगोपनासाठी पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा देता येते, ही बऱ्याच जणींना माहीतच नसते. तुमचं रजिस्ट्रेशन त्याआधीचं असेल तर तुम्हाला कुठले नियम लागू ते विद्यापीठाच्या पीएचडी सेक्शनला जाऊन विचारा आणि लेखी घ्या, कॅन्टीनमधल्या सिनियरचं ऐकून बसू नका.

मग मागून मोजत या. सबमिशनची तारीख, त्याच्या आधी बाइंडिंग, त्याआधी साम्य तपासणीचा रिपोर्ट, त्याआधी प्री-सबमिशन सेमिनार, गाइडना वाचायला किमान महिना. हे सगळं वजा केल्यावर लिखाणाला जे दिवस उरतात त्यात टारगेट दुप्पट करावं लागत असेल तर करा, पण दुप्पट म्हणजे सकाळी एक आणि रात्री एक अशा दोन वेगळ्या बैठका, एका बैठकीत तीनशे नव्हे. आणि विस्तार कमी करता येईल का ते गाइडशी बोला. मी सात बाजारांचे पाच केले, व्हायवाला कोणी विचारलंही नाही.

कंटाळा नाहीये, खरंच अंधार वाटतोय. झोप नाही, जेवण नाही.

मग हा टारगेटचा प्रश्नच नाही आणि या पानावर त्याचं उत्तर शोधू नका. घरच्या एका माणसाला आजच सांगा, डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस म्हणून हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. थिसिसला मुदतवाढ मिळते.

लिखाण संपलं, आता फक्त फॉरमॅटिंग. रोजचं टारगेट बंद करू का?

बंद करू नका, बदला. "फक्त फॉरमॅटिंग" म्हणणाऱ्यांना मी महिना महिना लोळताना बघितलंय, कारण त्यात डोकं लागत नाही आणि संपतही नाही. रोज वीस संदर्भ तपासायचे, मजकुरात आहे तो सूचीत आहे का आणि सूचीत आहे तो मजकुरात आहे का. एक दिवस फक्त टेबलांचे नंबर. एक दिवस फक्त मराठी नावांचं स्पेलिंग, कारण माझ्या थिसिसमध्ये एकाच गावाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं सापडलं.

बाइंडिंगवाल्याकडे चार दिवस हातात ठेवून जा, सगळ्यांची सबमिशनं एकाच आठवड्यात येतात. कव्हरवरची सोनेरी अक्षरं छापायच्या आधी तो एक कागद दाखवतो, तो घाईत "हो हो ठीके" म्हणून परत देऊ नका, बोट ठेवून एकेक अक्षर वाचा. माझ्या पहिल्या कॉपीवर "आठवडे बाजार"चं "आठवले बाजार" झालं होतं, ती कॉपी आता माझ्या आईकडे आहे, ती पाहुण्यांना तीच दाखवते.